आधी उपचार, मग उपदेश

सामान्य काळातील पंधरावा रविवार
शुभवर्तमान : लूक १०:२५-३७



आजचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. फादर पहिले वाक्य वाचू लागले की पुढचे सारे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. याजक आला आणि निघून गेला, लेवी आला आणि निघून गेला, शोमरोनी मात्र थांबला. आणि मनातल्या मनात आपण सगळे शोमरोन्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो!

पण या दाखल्यात प्रभू येशूने जे सांगितले तितकेच, त्याने जे सांगितले नाही तेही महत्त्वाचे आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीची, उताराची आणि खडकाळ होती. लुटारूंसाठी ती बदनाम होती. मग हा माणूस एकटाच का निघाला? सोबत का घेतली नाही? वडीलधाऱ्यांनी अडवले असताना तो हट्टाने गेला का? जवळचे पैसे त्याने मिरवले का? यातले प्रभू येशू काहीच सांगत नाही. त्याहून विशेष म्हणजे शोमरोनीसुद्धा यातले काहीच विचारत नाही. तो जखम पाहतो, तेल व द्राक्षारस ओततो, पट्टी बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेत नेतो. दोष कोणाचा आणि किती, हे मोजून त्याने तेल ओतले नाही.

आज हा दाखला आपण एका विशिष्ट जखमी माणसाजवळ उभे राहून ऐकू या. तो आपल्या वसईत आहे, मुंबईत आहे, रेल्वेच्या पुलाखाली आहे आणि एखाद्या चांगल्या घराच्या बंद खोलीतही आहे. त्याला आपण नावाने हाक मारीत नाही. त्याला आपण 'गर्दुल्ला' म्हणतो, 'चरसी' म्हणतो, 'बेवडा' म्हणतो. १९८० च्या दशकात ब्राऊन शुगर मुंबई-पुण्यात पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी 'गर्द' या पुस्तकातून ते वास्तव मराठी वाचकांपुढे मांडले आणि त्याच काळात, १९८६ साली, पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्यासह 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्या विषाच्या नावावरून माणसाला 'गर्दुल्ला' हे नाव पडले. मधुमेह झालेल्या माणसाला आपण साखरेचे नाव देत नाही. या माणसाचे बाप्तिस्म्याचे नाव मात्र आपण पुसून टाकले!

तीस वर्षे कम्युनियनविना

जुलै महिन्याच्या ९ तारखेला ख्रिस्तसभेने संत ऑगस्टीन झाओ रोंग व त्यांचे सोबती यांचा स्मृतिदिन पाळला. चीनमधील या १२० रक्तसाक्षींना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी संत म्हणून घोषित केले. त्यांच्यात मार्क जी तिआनशियांग हे नाव आहे. 'जी' हे त्यांचे आडनाव. त्यांची कथा आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते.

मार्क जी यांचा जन्म १८३४ साली उत्तर चीनमधील एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. ते वैद्य होते. गरिबांना मोफत औषध देत. गावच्या ख्रिस्ती समूहात त्यांना मान होता. पुढे त्यांना पोटाचा तीव्र विकार जडला. वेदना थांबावी म्हणून त्यांनी त्या काळात सर्रास मिळणारे औषध घेतले. ते औषध म्हणजे अफू. पोटदुखी थांबली, पण अफू सुटेना.

ही अफू चीनमध्ये कोठून येत होती? बरीचशी आपल्या देशातून. बंगालकडची अफू कोलकात्याहून जाई आणि माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून गलबतांत भरून जाई. चीनच्या सम्राटाने हा व्यापार रोखू पाहिला, तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे करून चीनला नमविले. या व्यापारातून मुंबईत मोठमोठी घराणी श्रीमंत झाली, त्यांना मानमरातब मिळाले. आणि त्याच अफूत अडकलेल्या रुग्णाच्या वाट्याला मात्र नाचक्की आली. विष विकणारा प्रतिष्ठित आणि विष अंगात भिनलेला तिरस्कृत, हा न्याय तेव्हाही होता. आज तो संपला आहे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

मार्क जी पापनिवेदनाला जात राहिले. तेच पाप, तीच कबुली, पुन्हा पुन्हा. अखेर धर्मगुरूंना वाटले की या माणसाला खरा पश्चात्ताप नाही. असता तर याने अफू सोडली असती! त्यांनी मार्क जींना पापक्षमा नाकारली, आणि कम्युनियनही बंद झाले. ते धर्मगुरू दुष्ट नव्हते. व्यसन हा आजार आहे आणि केवळ मनाच्या निश्चयाने तो जात नाही, हे त्या काळी फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

बंधुभगिनींनो, एवढा अपमान झाल्यावर आपण काय केले असते? देवळाकडे पाठ फिरवली असती. मार्क जी यांनी तसे केले नाही. तीस वर्षे ते संस्कारांविना श्रद्धेत टिकून राहिले. आपल्या हातून अफू सुटत नाही, तर निदान रक्तसाक्षीचे मरण तरी मिळावे, अशी ते प्रार्थना करीत. १९०० साली बॉक्सर बंडखोरांनी ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू केली, तेव्हा मार्क जी यांना मुलगा, सुना आणि नातवंडे यांच्यासह पकडण्यात आले. श्रद्धा सोडली तर जीव वाचणार होता. जो माणूस अफू सोडू शकला नाही, त्याने प्रभू येशूला सोडले नाही. घरातल्या कोणालाही एकट्याने मरावे लागू नये म्हणून आपल्याला सर्वांत शेवटी मारा, अशी विनंती त्यांनी केली. पवित्र मरियेची लितानी गात त्यांनी मरण पत्करले, असे सांगतात.

त्यांची अफू पवित्र होती म्हणून ते संत झाले नाहीत. अफूच्या आत अडकलेला माणूस पवित्र होता. तीस वर्षे माणसांना जे दिसले नाही, ते देवाला दिसत होते.

पाप की आजार?

कोणी म्हणेल, "फादर, म्हणजे आता नशा करणे हे पाप नाही का?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (क्रमांक २२९१) की औषधोपचाराचे कारण सोडून अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध आहे, कारण त्याने आरोग्याची व जीवनाची फार मोठी हानी होते. गुपचूप तयार करणारे आणि विकणारे तर दुसऱ्याच्या नाशात भागीदार असतात. ही शिकवण बदललेली नाही.

पण तोच ग्रंथ हेही सांगतो (क्रमांक १७३५) की अज्ञान, भीती, जडलेली सवय, मनाची अवस्था अशा कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधीकधी नाहीशीही होऊ शकते. म्हणजे कृती चुकीची आहे, हे आपण सांगू शकतो. त्या माणसाचा दोष किती, हे मात्र देव जाणतो.

वैद्यकशास्त्र याला दुजोरा देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत व्यसनाधीनतेचा समावेश आहे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरले आहे, आणि अशा रुग्णाला भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. पदार्थ पुन्हा पुन्हा घेतल्याने मेंदूचे काम बदलते. मग तो मौजेसाठी नव्हे, तर थरथर, उलट्या, अंगदुखी आणि तडफड टाळण्यासाठी घ्यावा लागतो. पहिला घोट किंवा पहिला झुरका त्याने निवडला असेल. शंभरावा त्याने निवडला, असे म्हणता येत नाही.

आज औषध आहे, पण दार?

मार्क जी यांच्या काळी त्यांच्या आजारावर औषध नव्हते. आज आहे. म्हणून आजचा प्रश्न अधिक अवघड आहे. संत मार्क जी आज आपल्या दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले, तर ते औषध त्यांच्यापर्यंत पोहोचेल का?

गर्द किंवा अफूच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे. ती जिभेखाली ठेवतात. तिने तडफड थांबते आणि माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. सुया टोचून नशा करणाऱ्यांसाठी सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ती विनामूल्य दिली जाते. "एक नशा सोडवून दुसरी लावली," असे काही जण म्हणतात. पण रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याला आपण गोळीचा व्यसनी म्हणत नाही. या औषधाने जीव वाचतात आणि एचआयव्हीचा प्रसार कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. सुयांतून पसरणारा हिपॅटायटिस सी आता बहुतेक रुग्णांत साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या गोळ्याही मोफत आहेत.

मग अडते कोठे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. अवैध अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार घेता आले. बाकीचे वाटेवर पडून आहेत, अर्धमेले.

केंद्रे कमी आहेत हे त्याचे एक कारण. पण दुसरे कारण आपल्या नजरेत आहे. सुईच्या जागी गळू झालेला तरुण दवाखान्यात येतो. त्याला वेदना होत आहेत. पण "हा गर्दुल्ला, याला औषधाच्या नावाखाली नशाच हवी" असे गृहीत धरून त्याला बाजूला बसवले जाते. त्याच्याशी बोलण्याचा सूर बदलतो, रांगेतली माणसे सरकून बसतात. तो एकदा अपमान सोसतो आणि दुसऱ्यांदा येत नाही. तिसऱ्यांदा त्याला उचलून आणावे लागते. स्त्रीच्या बाबतीत तर हे सारे दुप्पट. व्यसन लागलेला मुलगा निदान घरच्यांच्या बोलण्यात असतो. व्यसन लागलेली मुलगी किंवा सून भिंतीआड गडप होते.

पोलिसांचीही भीती असते. म्हणून एक गोष्ट सर्वांनी जाणून घ्यावी. अमली पदार्थविरोधी कायद्यातच (१९८५, कलम ६४-अ) अशी तरतूद आहे की, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करीत असेल, तर त्याच्यावर त्या अपराधासाठी खटला चालवला जात नाही. कायदासुद्धा उपचाराचे दार उघडे ठेवतो. मग ख्रिस्ती माणसाने ते का लावावे?

याजक आणि लेवी वाईट नव्हते

याजक व लेवी यांच्याकडेही जरा सहानुभूतीने पाहू या. पडलेला माणूस मेलेला असेल आणि त्याला शिवल्याने आपण अशुद्ध होऊ, अशी त्यांना भीती वाटली असेल. ती धर्मनिष्ठ माणसाची भीती होती. आपलीही भीती अशीच सज्जन माणसाची असते. लोक काय म्हणतील? धाकट्या मुलीची सोयरीक जमेल का? म्हणून मुलगा 'कामानिमित्त बाहेरगावी' असतो. म्हणून आई मागच्या बाकावर बसून रडते आणि शेजारची बाई का रडतेस म्हणून विचारीत नाही.

दारूच्या बाबतीत तर आपला व्यवहार अधिकच विचित्र आहे. लग्नाच्या मांडवात, बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत, सणाच्या दिवशी आपण आग्रहाने पेला पुढे करतो. नको म्हणणाऱ्याची थट्टा करतो. आणि त्यातल्याच एखाद्याला दारू सोडेनाशी झाली की त्याला 'बेवडा' म्हणून मांडवाबाहेर बसवतो.

काही घरांत प्रेमापोटीच घोडचूक होते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला "आता बघू कसा पितोस" म्हणून खोलीत कोंडतात. अशी दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गर्द सोडून काही आठवडे झालेल्याला वेगळा धोका असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि मोह होऊन त्याने पूर्वीइतकाच डोस घेतला, तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला म्हणूनच सर्वांत जास्त सोबतीची गरज असते. मारझोड करणारी, साखळीने बांधणारी 'केंद्रे' ही उपचाराची जागा नव्हे. लाज झाकण्यासाठी आपल्या माणसाला अशा ठिकाणी सोडून येऊ नका.

दोन दिनार आणि परतीचे वचन

दाखल्याच्या शेवटाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो की अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन. एका रात्रीत जखम भरणार नाही, हे त्याला ठाऊक होते. जास्त खर्च येणार, पुन्हा यावे लागणार, हे त्याने आधीच धरून ठेवले होते.

व्यसनाच्या उपचारात हेच आपल्याला जमत नाही. एकदा केंद्रात ठेवले, पैसे भरले, घरी आणले आणि तो पुन्हा घसरला, की आपण हात झटकतो. "याच्यावर केले ते पाण्यात गेले." पण पुन्हा घसरणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे. दम्याचा झटका परत आला म्हणून आपण रुग्णाला टाकून देत नाही. सत्तर वेळा सात क्षमा करायला शिकवणाऱ्या प्रभूच्या शिष्यांना तिसऱ्या वेळेला दार उघडणे जड का व्हावे?

आपल्या ख्रिस्तसभेत अशी उतारशाळा उभी राहिलेली आहे. मुंबई धर्मप्रांताचे फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले होते आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. जखमी माणूसच उतारशाळेचा मालक झाला! कृपाचे काम पुढे अनेक राज्यांत पसरले, आपल्या वसईतही आले. २००९ साली फादरांना पद्मश्री मिळाली. आणि २०१३ च्या जुलैमध्ये ब्राझीलमधील रिओ येथे जागतिक युवा दिनाला गेलेले पोप फ्रान्सिस व्यसनमुक्तीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयात मुद्दाम गेले, आणि कुष्ठरोग्याला मिठी मारणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसची त्यांनी तेथे आठवण करून दिली.

आपल्या धर्मग्रामासाठी

प्रिय बंधुभगिनींनो, शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते, माझा शेजारी कोण? प्रभूने उत्तराच्या शेवटी त्याला कामाला लावले. म्हणून आजच्या चिंतनातून काही साध्या गोष्टी घरी घेऊन जाऊ या.

पहिली गोष्ट जिभेची. गर्दुल्ला, बेवडा हे शब्द आजपासून आपल्या घरातून हद्दपार करू. तो अमक्याचा मुलगा आहे, त्याला नाव आहे, आणि तो आजारी आहे.

दुसरी गोष्ट आपल्या परिचारिका भगिनींसाठी आणि डॉक्टरांसाठी. आपल्या कितीतरी लेकीसुना रुग्णालयांत रात्रपाळ्या करतात. थकव्याने जीव कासावीस होतो, कधी असा रुग्ण शिवीही देतो, याची जाणीव आहे. तरीही, त्याच्या हाताची शीर शोधताना तुम्ही त्याला नावाने हाक मारलीत, तर तो पुन्हा उपचाराला येईल. तुमचे ते एक वाक्य म्हणजे जखमेवरचे तेल आहे.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. लपवू नका. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. तेथे आपल्या भागातील केंद्राची माहिती मिळते. मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातही जाता येते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा दारूशी झुंजणाऱ्यांसाठी आहेत, तर अल्-अॅनॉनच्या सभा त्यांच्या घरच्यांसाठी. आई-बाप आणि पत्नी यांनाही औषधाची गरज असते, हे विसरू नका. आणि धर्मगुरूंच्या घराचे दार तुमच्यासाठी कधीही उघडे आहे. तेथे आधी चहा मिळेल, मग तुमचे ऐकले जाईल. उपदेशाला पुष्कळ वेळ आहे.

चौथी गोष्ट आपणा सर्वांसाठी. केंद्रातून परतलेला माणूस रविवारी मिस्सेला आला, तर त्याच्या बाकावर जागा रिकामी ठेवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. शांतीचे अभिवादन करताना त्याचा हात हातात घ्या. त्याला काम देता येत असेल तर द्या.

मार्क जी यांना जिवंतपणी तीस वर्षे ख्रिस्तशरीर मिळाले नाही. आज जगभरातील वेद्यांवर त्यांच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण होते. आपल्यातला असा एखादा भाऊ, अशी एखादी बहीण मेल्यावर स्वर्गात भेटण्याची वाट न पाहता, ते जिवंत असतानाच आपण त्यांना भेटू या.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, वाटेवर पडलेल्या आम्हा सर्वांसाठी तूच प्रथम थांबलास. तू आमचा दोष विचारला नाहीस, आमची जखम बांधलीस. व्यसनाने जखडलेल्या आमच्या भावा-बहिणींना योग्य उपचार, धीराची माणसे आणि नवी पहाट दे. त्यांची सेवा करणारे डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक यांना बळ दे. दार लावून बसलेल्या घरांना दार उघडण्याचे धैर्य दे, आणि आमचे धर्मग्राम तुझी उतारशाळा होवो. संत मार्क जी, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.